रेड्याची टाच, हत्तीचा गुडघा

देवकार्याला रेडा खांबाला बांधला की गावात हाक एकालाच पडायची, ई ब्लोमला. रेड्याच्या मागच्या पायाचा सांधा जिथे मागे वळतो, तिथली जाड शीर तो कोयत्याच्या एका घावात तोडायचा, आणि रेडा मटकन बसायचा.

"जनावराचे गुडघे उलटेच असतात," तांदळाच्या दारूच्या रांजणाशी बसून तो शिकवायचा. "रेड्याचे घ्या, नाहीतर कोंबड्याचे घ्या."

त्याचा थोरला भाऊ ई तूंग हत्तीचा माहूत. तो खो खो हसायचा. "शहाण्या, ती टाच रे! गुडघा वर, पोटाशी लपलेला असतो."

पण ज्याच्या हाताला यश आहे, तो कशाला कोणाचं ऐकतोय!

एका सकाळी तूंगचा हत्ती थोंग माजावर आला. साखळी तोडून त्याने स्रेपोक नदीच्या काठावर तूंगलाच गाठलं, सोंडेने आपटलं आणि मांडीवर पाय दिला. हाड मोडल्याचा आवाज ब्लोमला बांबूच्या बेटात ऐकू आला. तो कोयता घेऊन धावला आणि हत्तीच्या मागे शिरला. रेड्याच्या सवयीने त्याने पायाच्या मध्यावर घाव घातला. पातं मांसात रुतलं, रक्ताची चिळकांडी तोंडावर उडाली. थोंग मात्र ढिम्म. तूंगची छाती चिरडायला तो डोकं खाली आणू लागला.

"गाढवा, तो गुडघा आहे त्याचा! आपल्यासारखाच!" तूंग किंचाळला. "टाच खाली, जमिनीपाशी!"

ब्लोमने पातं उपसलं आणि खाली सपासप वार केले. शीर तुटली. थोंग चीत्कार करत मागे कलंडला आणि भाऊ सुटला.

हत्ती उठू पाहत होता. दर वेळी जखम आणखी फाटत होती.

"बैस, बाळा, बैस," चिखलातून तूंग म्हणाला.

तेवढा शब्द थोंगच्या माजातही शिरला. मागचे दोन्ही गुडघे माणसासारखे टेकून तो बसला.

"आता हा कधी उभा राहायचा नाही," तूंग म्हणाला. "भाला आण, ब्लोम."

"दादा, माझ्याने नाही होणार."

"इतके रेडे मारलेस ना? मार."

ब्लोम भाला घेऊन आला. बांधलेल्या रेड्याने त्याच्यासाठी कधी असे गुडघे टेकले नव्हते. त्याने थोंगच्या बगलेत भाला खुपसला, पुन्हा खुपसला. तूंग सरपटत पुढे गेला आणि सोंड उराशी धरून पडून राहिला. ती सैल पडेपर्यंत त्याने भावाकडे एकदाही पाहिलं नाही.