मागच्या सीटवरचं वजन

रस्त्यावर सलग पिवळी रेषा असेल तर ओव्हरटेक करता येतो का? अ) हो. ब) नाही. क) समोरून कोणी येत नसेल तर.

बॉबिन उलटी बसली की मशीन खालून दोऱ्याचा गुंता करते.

मोझरीच्या अलीकडे संत्र्यांचा ट्रक कलंडला. ड्रायव्हर बाहेर निघायच्या आधी लोक पिशव्या घेऊन हजर.

गेलेली नजर परत येत नाही. उरलेली सांभाळायची. थेंब रोज, न चुकता.

मैदानावर चुन्यानं आठचा आकडा काढलेला असतो. पाय टेकला की नापास.

हे सगळं एकाच घरातलं आहे. संघपाल गावोगावी फिरून शिलाई मशीन दुरुस्त करतो. त्याला काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं नाही, नळीतून पाहावं तसं. मशीन तो बोटांनी चाचपून उघडतो, तिथं अडत नाही. अडतं रस्त्यावर. म्हणून मुलगी दीक्षा लायसन्स काढणार, गाडी ती चालवणार, तो मागे बसणार. दुसरा उपाय नव्हता.

रहाटगावच्या पलीकडे मोकळे प्लॉट आहेत. तिथं तो मागे बसून तिला शिकवायचा.

"क्लच हळू सोड. घोडं हाये का ते?"

"तुमी गप बसा ना बाबा. कानात ओरडून राहिले."

"अन् आरसा काय भांग पाडाले लावला?"

दिवाळीपर्यंत तिचा आठचा आकडा छान वळायला लागला.

परीक्षेला साहेब म्हणाले, "मागे कोणी नको. एकटीनं चालवा."

गाडी एकदम हलकी झाली. पहिल्याच वळणावर मागचं चाक कुठं आहे ते तिला कळेना. पाय टेकला.

"पुढच्या आठवड्यात या." साहेब चिडले नाहीत. "एकटीनं चालवलीच नाही वाटतं कधी?"

गेटबाहेर तिनं बापाच्या चपलांकडे पाहिलं. दोन्हींची टोकं घासून गेलेली.

"तुमी पाय टेकवत होते?"

"वळणावर. थोडासा."

"काहून?"

"तू पडू नये म्हून."

"मंग मी चालवतच नव्हती बाबा."

"चालवत होती ना. मी फक्त—"

अचानक थांबायचं असल्यास कोणता ब्रेक दाबाल? अ) पुढचा. ब) मागचा. क) दोन्ही.

आता ती एकटी चालवायची आणि तो कडेला उभा राहायचा. ती बाजूला गेली की दिसायची नाही. मग तो आवाजाच्या मागे मान फिरवत राही. पडल्याचा आवाज त्याला ओळखता यायला लागला.

"लागलं का?"

"नाई."

लागलेलं असायचं.

एकदा त्यानं एका मशीनचं लोखंडी धड मागच्या सीटवर बांधून दिलं. गाडी सुरेख वळली.

"हेच घेऊन जाऊ परीक्षेले," ती म्हणाली.

"साहेब इचारतीन, हे कोण?"

"सांगीन, बाबा हायेत."

दोघं हसले. मग तो दोरी सोडायला लागला. गाठ सापडेना.

शिकाऊ लायसन्सचा शेवटचा दिवस. आकड्याचा पहिला गोल तिनं पुरा केला. दुसऱ्यात पाय टेकला आणि गाडी आडवी झाली. साहेबच उचलू लागले. "शिकाऊ पुन्हा काढावं लागेल. मग महिन्यानं या."

तेवढ्यात संघपालचा फोन वाजला. तिवस्याची मंजुषा, ब्लाउज शिवणारी.

"दादा, लग्नाचे कपडे अडकून पडले. आज नाई आले तर दुसऱ्याले बोलावतो. लोक तुमच्या डोळ्याचं काय काय सांगून राहिले, खरं हाये का ते?"

"काही नाई झालं डोळ्याले. येऊन राहिलो."

त्यानं चावी दीक्षापुढे धरली. "बस. मी मागं हाओ."

तिनं हात पुढे केला नाही. "मले येत नाई बाबा. कधी आलीच नाई."

"हायवेवर कुठं हायेत वळणं?"

"ट्रक तर हायेत ना."

मग तो पुढे बसला. हेल्मेट एकच होतं. तिनं त्याच्या डोक्यावर घातलं, त्यानं काढून तिला दिलं. "यानं उरलेलं बी झाकते."

नांदगाव पेठ मागे पडलं. ती मागून सांगत होती. ब्रेकर. डावीकडे ट्रॅक्टर. उजवीकडून ट्रॅव्हल्स. थोडं डावीकडे घ्या. एवढं नाही, बाबा, एवढं नाही.

ट्रक म्हटलं की त्याचे हात दचकायचे आणि गाडी डुलायची. मोझरीच्या पुढे तिनं ट्रक सांगणं बंद केलं.

"मागून काही येऊन राहिलं का?"

"नाई," ती म्हणाली, आणि त्याचा सदरा दोन्ही मुठींत धरला.

मार्चमध्ये, हे सगळं सुरू व्हायच्या आधी, संघपालचं लायसन्स डोळे न तपासताच दहा वर्षांसाठी नवं होऊन पोस्टानं घरी आलं होतं.