घरचं औषध

कांदे काढता काढता थोरलीच्या अंगात पुन्हा डोंब उठला. गार वारं झोंबत होतं, बाकीच्या बायका कानाला फडकी बांधून वाफ्यात बसलेल्या, अन् हिच्या मानेवरून घामाचे ओघळ.

"भट्टी पेटली गं!" कुणीतरी हसलं.

थोरलीही हसली असती. पण मांड्यांवरून ऊन ऊन रक्ताची धार लागली आणि ती तिथंच मातीत कोसळली.

जायच्या वयात पाळी ठाणच मांडून बसली होती. धाकटा दीर गावचा वैद्य. नाडी धरून म्हणाला, "वहिनी, उष्णता आहे. ही पूड घ्या." पावसाळा सरला, थंडी पडली; पूड चालू अन् रक्तही चालू. दवाखान्याचं नाव काढलं की नवरा खेकसायचा, "घरात वैद्य असताना? भावाच्या तोंडाला काळं फासतेस?"

त्या दिवशी शेजारणीनंच तिला कांद्याच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तपासून म्हणाली, "घाम वयाचा आहे, त्यावरही इलाज आहे. पण इतकं रक्त वयाचं नाही. पिशवीत गाठ आहे. आणखी थांबला असतात तर..."

पुढचं थोरलीनं ऐकलंच नाही.

ऑपरेशन करून घरी आली, अंगात ताकद येईतो खाटेवरच होती. मग एकदा धुण्याला काढलेल्या दिराच्या सदऱ्यात गोळ्यांचं पाकीट सापडलं. रक्तदाबाच्या. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरची म्हातारी ह्याच घ्यायची.

ओट्यावर बायका नाडी दाखवायला बसल्या होत्या. थोरली मधोमध उभी राहिली.

"भावजी, तुमची दवाखान्यातली गोळी राहिली."

दिराचा चेहरा उतरला. "ती... पाहुण्याची."

"बरं. मग ही तुमच्या हातची पूड घ्या. मी खाल्ली तेवढी खा."

त्यानं तिचा हात झटकला. "वहिनी, घरातलं चार लोकांत कशाला?"

"माझं रक्त चार लोकांतच सांडलं, भावजी."

एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. तिच्यामागं दुसरी. नवरा आतून धावला, "अब्रू घालवलीस घराची!"

"घालवली. परत हवी तर पूड तुम्ही खा."

तेवढ्यात दिराची बायको पायात चपला सरकवत दारात आली.

"ताई, टेम्पो कधी निघतो? माझंही थांबत नाही हो. ह्यांना सांगायची सोय नव्हती."

दीर दार अडवून उभा. थोरलीनं जावेचा हात घट्ट धरला.

"सरका भावजी. पेशंटला वाट द्या."