गव्हातली लवंग

"बाबा, लवंग गेली," ग्लास खाली ठेवत आफ्रा म्हणाली.

क्विरीनने तोच ग्लास नाकाशी धरला. "आहे की."

"नाही. मागच्या खेपेलाही नव्हती. लोक भिडेखातर पितात."

क्विरीन बाकावर टेकला. गव्हाच्या बिअरमध्ये लवंग कुणी टाकत नाही. धान्यातून एक आम्ल उतरतं. यीस्टमधलं एक एन्झाइम त्यातला कार्बन डायऑक्साइड अलगद काढून घेतं आणि मागे उरतो तो लवंगेचा वास. त्याच वासावर या घराची ब्रुअरी वडिलांच्या काळापासून चाललेली. पण हिवाळ्यातल्या तापात क्विरीनचं नाक गेलं, आणि ते ठाऊक फक्त बायकोला, क्रेसेन्झला. हुंगून यीस्ट निवडणारा माणूस अंदाजाने पिंप उघडू लागला. एका पिंपात साध्या बिअरचं यीस्ट शिरलं होतं. त्याच्याजवळ ते एन्झाइमच नसतं.

"मला वास येत नाही गं, पोरी. नाताळपासून."

 चांगलं यीस्ट मागून आणायला आफ्राने दुधाची किटली स्वच्छ धुऊन त्याच्या हातात दिली.

टेकडीपलीकडच्या ब्रुअरीवाल्या व्हिटसशी क्विरीनचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. तो किटली घेऊन पोचला, तेव्हा व्हिटस दारातच उभा होता.

"भर जत्रेत माझ्या बिअरला पाणी कोण म्हणालं होतं रे?"

"मी."

"आणि आता त्याच पाण्यातलं यीस्ट हवंय?"

"हवंय. माझं बिघडलं. नाक गेलंय माझं."

व्हिटसने किटली ओढून घेतली, काठोकाठ भरली. "तुझंच आहे, गाढवा. माझ्या तळघरात पूर आला तेव्हा याच किटलीतून आणून दिलं होतंस."

चर्चच्या जत्रेच्या रविवारी, सकाळच्या पांढऱ्या सॉसेजबरोबर नवी बिअर निघाली. क्विरीन वास घेत नव्हता, चेहरे वाचत होता. क्रेसेन्झने फेसावर नाक नेलं. "आज लाल कोबीत लवंग नाही घातली तरी चालेल," ती म्हणाली. कोपऱ्यातून व्हिटसने रिकामा ग्लास उंचावला. "आफ्रा, तुमचं पाणी बरं जमलंय. आण अजून एक."

क्विरीननेही ग्लास तोंडाशी नेला. वास नव्हता, बुडबुडे तेवढे नाकाला गुदगुल्या करून गेले. तो स्वतःशीच हसला.

दुसऱ्या दिवशी तळघरात आफ्रा एकेका पिंपावर वाकून हुंगत होती. क्विरीन तिच्यापुढे झाकणं उचलून धरत होता.