उसातला फुसकारा

बसा वाईच. जायची घाई करू नगा, एक गोष्ट सांगतो, आमच्या साळूबाईची. एका फुसकाऱ्यानं बाईला असं छळलं की दिसभर तिच्या घशाखाली घास उतरला न्हाई. ऐकून मग जावा.

साळूबाईचं म्हायेर औंधाचं. न्हानपणी यमाई देवीच्या डोंगराला शेरडं राखली, तितंच तिचा कान तयार झाला. दिली ती हितं कोरेगावाच्या खालतीकडं, आमच्या वस्तीवर. आता मोतीबिंदूनं नजर गढूळ झालीया, समोरचा माणूस बोलल्याबिगर वळखत न्हाई. पण ओट्यावर बसून सांगंल, ही टिटवी उगंच वरडत न्हाई, तिच्या अंड्याजवळ कुत्रं फिरतंय. ह्यो ससाणा न्हवं, कोतवाल पाखरू त्याची नक्कल करतंय, कोंबड्या झाकायला पळू नगा. पाखरू दिसायच्या आदी हिनं त्याचं नाव सांगितलेलं. आन् त्या दिसापतूर तिनं आवाजाचं खोटं म्हणून सांगितलं न्हाई. म्हणून तर वस्ती तिचं ऐकायची.

तर माघाचा महिना. लालासाहेबाच्या उसाला तोड आली. लालासाहेब म्हंजी फौजेतनं सुभेदार हून आलेला गडी, मिशा अजून पीळदार. तोडणाऱ्यांची टोळी सकाळी उसात शिरली आन् घटकाभरात माघारी पळत आली. विजयमाला म्हणून एक तोडणारी हुती, तिनं तर कोयता आतच टाकला. मधल्या सऱ्यांतनं फुसकारा आला म्हणाली, लांबलचक, कुकरची वाफ सुटावी तसा. घोणसच. गेल्या साली तिच्या जावंला असंच उसात पान लागलं हुतं, म्हंजी साप चावला हुता, दवाखान्यात पोचस्तवर बाई गेली. आता कोण पाय घालंल आत?

मुकादम नाथाजी म्हणाला, पेटवा ऊस. पाचट जळंल, जनावर पळंल न्हाईतर मरंल, मग आमी तोडतो. तसं आमच्या वस्तीला हे काय नवं न्हाई, लय जण असंच करत्यात. लालासाहेबाला हिरवागार ऊस जाळायचं जिवावर आलं. पण टोळी परवा फुडच्या गावाला जायाची, आन् एकदा तोड हुकली की मग हिंडा महिनाभर कारखान्याच्या चिठ्ठीसाठी. त्यानं साळूबाईला बोलावणं धाडलं.

ती आली, बांधावर बसली, सगळ्यांना गप केलं. फुसकारा आला. तिनं मान तिरकी करून ऐकला, परत आला, परत ऐकला, आन् बाईचा चेहराच उतरला. घोणशीचा आवाज तिनं शेरडामागं किती येळा ऐकलेला. ह्यो तसा हुता आन् तसा नव्हता बी. घोणस माणूस अंगावर गेल्यावर फुसकारती. हितं माणसं पन्नास पावलं लांब, तरी ह्याचं आपलं चालूच.

तिनं सांगितलं, घोणस वाटत न्हाई, पर काय हाय ते मला कळंना. नाथाजी हसला.

"वाटत न्हाई म्हणून बाया आत घालू व्हय, मावशी?"

त्याचं बी खरंच हुतं. साळूबाईनं सकाळपतूरची मुदत मागून घेतली आन् घरला आली. पण बसवंना. भाकरी थापाया घेतली, पीठ तसंच ठेवून उठली. चुलीत फुंकणी घातली तर फुंकणीचाच आवाज ऐकत बसली, जाळ इझून गेला. मुंगसाचा असंल का? मुंगूस असा दम धरत न्हाई. रानमांजराचा? त्यात गुरगुर असती. दुपारपतूर चार येळा बांधावर जाऊन आली. डोळ्याम्होरं सारखे विजयमालाचे पाय, पिलास्टिकच्या फाटक्या बुटातले. उद्या आपण घोणस न्हाई म्हणायचं, आन् त्या पायाला काय झालं तर? आन् व्हय म्हणावं, तर आत जे काय जीव धरून बसलंय त्याची राख. सून म्हणाली, आवं आत्याबाई, एका जागी बसा की. साळूबाईला ते ऐकूच गेलं न्हाई.

दिस मावळताना ती एकटीच परत बांधावर गेली. अंधारून आलं तसा फुसकारा वाढला. आन् आता तिच्या ध्यानात आलं, हा एका गळ्यातला न्हाई. एकानं सुरू केलं की दुसरं उचलतंय, मग तिसरं, कोपऱ्यातनं बारकं चौथं. साप असा एकामेकाला जाब देत न्हाई. ही तर पंगतीला बसलेली, भाकरी मागणारी पोरं.

एवढ्यात चौघांनी एकदम कालवा केला आन् लगेच चिडीचूप. म्हंजी कोणीतरी घास घेऊन आलं हुतं. पण आलं कसं? पंखाचा आवाजच न्हाई. घारीचा पंख वाजतो, कावळ्याचा वाजतो, वटवाघळाची फडफड बी तिला कळती. डोक्यावरनं आवाजाबिगर जाणारं एकच. मग उसाच्या शेंड्यावरनं चिरका वरडा आला आन् शंका फिटली. घुबड. थोरल्याचा आवाज तिला ठावं हुता, पण पिल्लं कवा ऐकली नव्हती, आन् उसात भुईवर घर करणारं घुबड तर जल्मात न्हाई.

बाईला असं हलकं वाटलं की हसूच आलं. पण उठून दोन पावलं टाकली न्हाईत तवर जागीच थांबली. लालासाहेब! गोळ्या सुटताना न डगमगलेला ह्यो माणूस, पण त्याची आई वारली त्या साली दारात घुबड घुमलं हुतं. तवापासनं घुबड म्हणलं की गडी बिथरतो. गेल्या दिवाळीला टाकीवर एक बसलं, तर तीन सांजा फटाके वाजवलं आन् शेजारची चिंच बुडापासनं तोडली. घोणस असती तर हळहळून ऊस पेटवला असता. घुबड म्हणलं तर काडी स्वतः लावंल.

सकाळी सगळी बांधावर जमली. विजयमाला हिच्या तोंडाकडं बघत उभी. साळूबाई म्हणाली, घोणस न्हाई, पोरी. म्होरं मी चालती, तू माझ्या मागनं ये.

"मग काय हाय, आक्का?" लालासाहेबानं इचारलं.

साळूबाईनं उसाकडं कान दिला. जल्मभर आवाजाचं खोटं सांगितलं नव्हतं. आतनं बारकं चौथं पिल्लू तेवढं फुसकारलं.

"यमाईची पाखरं हायत," ती म्हणाली. "आमच्या औंधाच्या डोंगरावरची. मधल्या चार सऱ्या राखा, उडून जात्याल."

लालासाहेबानं डोक्यावरची टोपी काढली.

"यमाई आईची?"

"व्हय."

मग ती काठी आपटत, अनवाणी, पयली उसात शिरली. मागनं विजयमाला, तिच्या मागनं टोळी. सांजच्याला सगळा ऊस गाडीत, मधला तेवढा चौकोन उभा. लालासाहेबानं तितं लाल फडकं बांधलं, नारळ ठेवला. वीसेक दिसांनी पाखरं उडाली. सांजच्याला त्यानं लांबनं पांढुरके पंख बघितलं, आन् आता वस्तीभर सांगतो, पंखाला आवाजच न्हाई बघा, देवाचीच पाखरं ती. औंदा शेजारच्या तिघांनी बी उसात चौकोन राखला.

पण साळूबाईचं काय? फुडच्या पौषात औंधाला जाऊन आली. देवीम्होरं डोकं टेकलं ते लवकर उचललंच न्हाई. काय बोलली ते तिला ठावं आन् यमाईला. आता कुणी इचारलं, हे काय वरडतंय, तर आदी लुगड्याचा पदर चाळवती, उठून दारापतूर जाऊन येती, मग सांगती. मला हे तिनंच सांगितलं, खरं जाणणारं तुमी तिसरं.

उद्या तुमी लालासाहेबाकडं जाणार हायसा. त्यो तुमाला त्या चौकोनापतूर हाताला धरून न्हेईल आन् सगळं रंगवून सांगंल. माझं एक ऐका, त्याला पुरतं सांगू द्या, मान डोलवा, आन् पाखराचं खरं नाव तेवढं तुमच्याजवळच ठेवा.