तापीकाठचा माणूस बुडत नाही

बटण पुन्हा जिभेवर आलं होतं, आणि त्यावरची तोफ, तिचं चाक, तिची वर उचललेली नळी, कौसाला न बघताही दिसत होती; पितळेची आंबटसर चव गालात धरून ती आगगाडीच्या खिडकीला डोकं टेकून बसली होती, आणि समोर जसोदाकाकी, कपाळापर्यंत पदर, मांडीवर भाकरींचं फडकं...

"काढ ते तोंडमाईन," काकी म्हणाली. "धाकली पोर शे का तू आते?"

काढलं. पण मुठीत ठेवलं. रजेवर आला होता तेव्हा लोटनकाकाने दिलेलं हे बटण, त्याच्या कोटाचं जादा. तोफेचे तुकडे करतात, कौसा, आणि एकेक तुकडा एकेका खेचरावर लादून डोंगर चढवतात. नळीचं खेचर माझं, सगळ्यांत दांडगं, मैना तिचं नाव... आणि काकीने आतून विचारलं होतं, कोण मैना? तेव्हा तो असा हसला होता की ओसरीतली कबुतरं उडाली.

घरी सांगितलं होतं, काकीच्या डोळ्यांतून पाणी गळतं, चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात दाखवून येतो. तसं खोटं नव्हतं, गळतंच. पण काकाच्या तोफखान्यातला जालमसिंग नावाचा गडी त्याच दवाखान्यात पडून आहे, हे शहाद्याच्या बाजारात ऐकल्यापासून कौसाच्या पोटात जे पेटलं होतं ते डोळ्यांच्या औषधाने विझणारं नव्हतं. लढाई संपून वर्ष होत आलं. सगळे परतले. काकाबद्दल सरकारातून एवढंच आलं की तो फरार आहे. आणि धुडकू पाटलाने, ज्याने स्वतः काकाला भरती करून साहेबाकडून शाबासकी घेतली होती त्याच धुडकू पाटलाने, चारचौघांत मिशीवर हात फिरवून म्हटलं, पळाला.

त्याचंही काही नाही. पण ती हळद! पाटलाच्या पुतणीचं लग्न, काकी हळदीच्या वाटीला बोट लावणार एवढ्यात दगूबाई पाटलिणीने वाटीच उचलून घेतली. "ऱ्हाऊ दे माय. धड सवाशीन नही, धड रांड नही. पळपुट्यानी बायको." बायका हसल्या. काकीचं बोट तसंच हवेत राहिलं, कोरडं, आणि ते कोरडं बोट कौसाला तेव्हापासून वहीवर दिसतं, फळ्यावर दिसतं, भाकरीवर दिसतं. मी सोडणार नाही. मी... ही मी कोण? गॅदरिंगला सगळ्या शाळेपुढे भाषण ठोकून, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवून, मास्तरांची पाठीवर थाप घेतलेली कौसा. आता ती कुणाला भीत नाही.

आणि आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा सण जवळ आला होता. आखाजीला झोक्यावरून पोरी कुणालाही गाण्यातून काहीही म्हणोत, पाटलाला, पाटलिणीला, त्यांच्या सात पिढ्यांना, त्या दिवशी कुणी राग धरायचा नाही, ही गावाची रीत. गाणं तयार होतं. पाटीलनी बंदूक खुंटीले, मन्हा काकानी तोफ बर्माले... इथवर तर झोका नुसता वर जायचा. खरा घाव पुढच्या ओळीत, आणि ती ओळच नव्हती. काका तिथे काय करून गेला, ते कळलं की दगूबाईच्या दारासमोर, तिचा सगळा गोतावळा ओसरीवर बसलेला असताना... मूठ आवळली गेली. बटणाची कड तळव्यात रुतली. छान वाटलं.

दवाखान्यात पुरुषांच्या खोलीत काकी आली नाही. बाहेर खिडकीखाली ओट्यावर बसली. "तूच विचार. तुले बोलता येस."

जालमसिंगला एक पाय गुडघ्याखाली नव्हता. आणि कान... तोफांनी कान नेलेले. कौसाने विचारलं ते त्याला कळेना. मग तिने तो गॅदरिंगचा आवाज काढला, आणि खाटांवरची सगळी डोकी वळली.

"लोटन! तापीकाठचा! त्याची पुतणी मी!"

जालमसिंग उठून बसला. ऐकू न येणारे बोलतात तसा ओरडूनच बोलला, "कोठे शे तो?"

"मीच विचारायला आले..."

"कोठे लपाडेल शे तुमीन त्याले? सांग! मी ह्या कुबड्या शिकी ऱ्हायनू ना, त्या त्यानाच करता. घर शोधीसन येसू. त्यानी मान धरसू."

कौसाला वाटलं, अरे, हा तर माझ्यासारखाच. असाच मीही पाटलाला...

मग तो सांगत गेला, ओरडत गेला. नदी होती. फार मोठी नाही, पण ओढ होती. मैना घसरली, पाठीवर नळी, पाणी तिच्या नाकात. आणि लोटनने, काय अवदसा आठवली त्याला, सुरी काढून ओझ्याचा तंग कापला. खेचर वर आलं. नळी गेली खाली.

"खेचर मरतं तं दुसरं भेटतं! नळीबिगर तोफ म्हणजे काय? लोखंड! वर डोंगरावर आमनी वाट पाही ऱ्हायनात, आणि आमी खाले लोखंड लिसन बठेल!"

कौसाला नवल वाटलं नाही. नदी उतरताना बैल घसरला तर आधी त्याच्या मानेचं जोतं कापायचं, गाडी मागून बघता येते, हे त्यांच्या गावात पाळण्यातलं पोरही सांगेल. त्याने विचारच केला नसेल. हातानेच केलं असेल ते.

"मंग?"

"मंग सुभेदारनी शिवी दिन्ही. तशी हाऊ उडी मारी गया नळी काढाले. एकदाव वर उना, माले बोलना, लागनी हाताले, जालम! परत गया. उनाच नही." तो हसला, वाईट. "आमी समदा हासनूत. सगळी वाट त्यानी डोकं खायेल, तापीना पूर मी आडवा कापस, तापीकाठना माणूस बुडत नही. सुभेदार बोलना, पाणीना खालेखाले पवत गया हरामखोर त्या काठले. फरार. दुसरा रोज बिगर तोफना वर चढनूत... हाऊ पाय त्याना हिसाबमा."

कौसाच्या तोंडून प्रश्न आला तो मोठ्याने आला नाही. तो त्याला पुन्हा ओरडून विचारावा लागला. "पायात बूट होते त्याच्या?"

"व्हतात ना! बूट, पट्ट्या, समदं. काढाले टाईम कोठे?"

...प्रकाशा गावाच्या पलीकडचा तापीचा डोह. काका काठावर उभा, आणि पोरं रांगेने. पायात जोडा तर सोडाच, कमरेला करगोटासुद्धा नको, डोहाला धरायला काही द्यायचं नाही, म्हणायचा. एकदा नवी चप्पल घालून कौसा गुडघाभर पाण्यात उतरली होती तर त्याने मुस्काटात दिली होती, लाडकीच्या मुस्काटात.

म्हणजे पळाला नाही. म्हणजे...

ओळ मिळाली होती. ती आपोआप जुळतसुद्धा होती, लुच्ची, गाण्यात चपखल बसत होती, आणि दगूबाईच्या ओसरीवरचे चेहरे उतरताना दिसत होते, पाटलाची मिशी खाली येताना दिसत होती, झोका वर, आणखी वर... आणि झोक्यावरून खाली बघितलं तर गर्दीत जसोदाकाकी, हिरव्या बांगड्या भरलेले हात कानांवर. ओळ म्हटली की त्या बांगड्या फुटणार. त्याच दिवशी, त्याच बायका फोडणार. हळदीची वाटी उचलून नेणारा हातच दगड घेऊन पुढे येणार, आणि तेव्हा दगूबाई रडणारही, रीतीप्रमाणे.

"सांगजो त्याले," मागून जालमसिंग ओरडत होता, "मी येसू म्हणीसन!"

बाहेर ओट्यावर फडकं होतं. काकी नव्हती. नळावर होती, पाय धूत. केव्हापासून, कोण जाणे. खिडकी सताड उघडी.

परतीच्या गाडीत काकी बांगड्या एकेक करून मनगटावर मागे सारत होती, पुढे आणत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं. पण ते रोजचंच. नवापूरकडची झाडी मागे पडली, कापसाची काळी रानं लागली, तेव्हा कुठे तिने विचारलं, खिडकीबाहेर बघतच.

"काय बोलना तो?"

सगळ्या खोलीने ऐकलं होतं. वाटेवरच्या माणसांनी ऐकलं असेल. कौसाने तिच्या तोंडाकडे पाहिलं, कधी नव्हे इतकं नीट पाहिलं, आणि तिथे काही सापडेना. फक्त ते विचारणं, शांत, दोन्ही बाजूंनी उघडं, पळाला म्हण की बुडाला म्हण, जसं काही काकीने हळदीची वाटीच तिच्यापुढे धरली होती.

धुडकू पाटील आठवून पाहिला. राग आला, पण पातळ आला. मग सुभेदाराचा राग करून पाहिला, त्याला तोंडच नव्हतं. जालमसिंगचा येईना. मग एकदम काकाचाच आला, इतका की कानशिलं तापली. कोणी सांगितलं होतं तुला? कोणी सांगितलं होतं सगळ्या वाटेने बढाया मारायला? आणि बूट? मला मारलंस ना रे, चपलीसाठी!

"कौसा. मी काय विचारी ऱ्हायनू?"

शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज तिने शोधला. बटण गालात होतं, कधी गेलं कळलंच नव्हतं, आणि त्याच्याभोवती तोंड पाण्याने भरत चाललं होतं.