मल्लिगीचे लाल-पिवळे खूर

माझी नणंद उत्तरा पळत्या घोड्याचा फोटो काढायची आणि फोटोत नुसती शेपटी यायची. कधी तीही नाही, रिकामा रस्ता आणि वर उडालेली धूळ. देशपांडे नगरात आमचा स्टुडिओ. लग्नाचे फोटो ती काढणार आणि काउंटरवर मी बसणार. "अगं बाई, रोल काय शेवग्याला लागतात?" असं मी तिला रोज ऐकवायची. ती हसायची आणि नवा रोल घेऊन पुन्हा जायची. सत्त्याण्णव सालची ही गोष्ट.

तिला काही उगाच खूळ लागलं नव्हतं. मल्लाप्पाचा टांगा आमच्याच कोपऱ्यावर उभा असायचा. त्याची पांढरीशुभ्र घोडी, मल्लिगी. चालायची ऐटीत, पण वेग घेतला की मध्येच अडखळायची. एकदा कलघटगीच्या रस्त्यावर गुडघ्यांवरच आली, टांग्यातली म्हातारी थोडक्यात वाचली. जनावरांचे डॉक्टर प्रभंजन यांनी तिचे पाय दाबून पाहिले, वाकवून पाहिले. जखम नाही, सूज नाही. "पळताना काहीतरी होतंय, पण ते इतक्या झटकन होतं की डोळ्याला दिसत नाही. उभी केली की ठणठणीत," ते म्हणाले.

"डोळ्याला दिसत नाही ना? मग कॅमेऱ्याला विचारू," आमची बाई बोलून गेली. झालं, लागली नादाला.

विद्यानगरच्या रस्त्याकडेला उभी राहून ती सायकलवाल्यांवर कॅमेरा धरायची. रोल न घालता. सायकल जाईल तशी जातं ओढल्यासारखी कमरेतून वळायची. कॉलेजची पोरं केस विंचरून दोन-दोनदा समोरून जायला लागली. मी म्हटलं, "उत्तरा, लोक काय म्हणतील?" तर म्हणे, "मला त्यांची तोंडं नकोत वहिनी, वेग पाहिजे." घ्या!

पण तसाच घोडीबरोबर कॅमेरा फिरवत काढलेला पहिला फोटो आला आणि मी तो उजेडात धरून बघतच राहिले. मागच्या झाडांच्या पुसट रेघा झालेल्या, आणि मल्लिगीचं तोंड लख्ख, आयाळ उडालेली. यप्पा, काय ते रूप! मी म्हटलं, आजच शोकेसला लावू. उत्तराने बोट ठेवलं, "पाय बघा." पायांच्या जागी नुसता ताकाचा फेस.

मग तिने पद्धतच बदलली. भर दुपारचं ऊन, शटरचा वेग शेवटच्या आकड्यावर. रस्त्यावर फक्कीची रेघ मारायची, फोकस त्या रेघेवर बांधायचा आणि स्वतः कडेला पालथं पडून राहायचं. आता पाय स्वच्छ दिसू लागले. पण चारही धुळीने माखलेले, एकात एक अडकलेले. पुढचा कुठला नि मागचा कुठला, डॉक्टरांनाही सांगता येईना.

तोवर तिकडे मल्लाप्पाच्या घरात निकाल लागला होता. त्याची बायको दुर्गव्वा म्हणाली, कुणाचा जीव जायच्या आत घोडी विक. वीटभट्टीला जनावरं पुरवणारा एक व्यापारी सोमवारी तिला न्यायला येणार असं ठरलं. भट्टीवर गेलेलं जनावर काय होऊन बसतं ते आम्ही पाहिलेलं. मल्लाप्पा घोडीच्या मानेला डोकं लावून रडला. मलाही राहवलं नाही, "रविवारी अजून एकदा काढ गं," असं मीच उत्तराला म्हटलं.

रविवारी मल्लाप्पा आला आणि माझं डोकंच फिरलं. घोडीच्या गळ्यात गोंडे, कपाळावर तुरा, आणि खूर रंगवलेले! कारहुणवीच्या सणाला भावाच्या बैलांची शिंगं रंगवून उरलेला ऑइलपेंट. मागचे खूर लाल. मग लाल संपला म्हणून पुढचे पिवळे. "अरे शहाण्या, लग्न आहे का हिचं? डॉक्टरांना पाय बघायचेत आणि तू नटवून काय आणतोस!"

"वैनी, उद्या जाणार ती," तो म्हणाला. "शेवटचा फोटो. तशीच कशी आणू?"

फोटो म्हटला की नटायचंच, हे आमच्याकडचं शास्त्र. काउंटरवरून आरसा आणि पावडर तर मीच देते.

उत्तरा आडवी झाली. "अक्षता डोक्यावर पडताना दिसल्या की उशीर झालेला असतो वहिनी, मूठ सैल झाली की बटण दाबायचं. घोडीचंही तेच." मल्लाप्पाने टांगा भरधाव सोडला. धाड धाड धाड करत मल्लिगी आली, उत्तराच्या नाकापासून हातभरावरून गेली, आणि ही पापणीसुद्धा न हलवता बटण दाबत होती.

संध्याकाळी लॅबमधून प्रिंट आले. डॉक्टर एका फोटोपाशी थांबले आणि ओरडलेच. पिवळ्या खुराच्या खाली लाल खुराचं टोक! पुढचा पाय पुरता उचलायच्या आत मागचा खालून त्याच्या नालेवर आपटत होता. लोखंडावर लोखंड, जखम दिसणार कुठून? त्या रंगाशिवाय तेही कळलं नसतं. "शाब्बास उत्तराताई, शाब्बास!" डॉक्टर म्हणाले. मल्लाप्पाच्या चहात मी साखर जास्त घातली.

सोमवारी उजाडताच नालबंदाने पुढचे खूर टोकाकडून तासले आणि मागच्या नाला जरा मागे सरकवून ठोकल्या, म्हणजे पुढचा पाय लवकर उचलेल आणि मागचा त्याला लागणार नाही. व्यापारी दोरी घेऊन उभाच होता. मल्लाप्पा टांग्यावर चढला, देवाचं नाव घेतलं आणि लगाम सैल केला.

"काढ गं!" मी ओरडले. उत्तराने कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. डोळे भरून वाहत होते, तिला काही दिसेना. इतके दिवस धुळीत लोळलेली ही बाई, नेमकी आताच! मी तिच्या हातातून कॅमेरा ओढला आणि दाबलं बटण.

तो फोटो आजही आमच्या शोकेसमध्ये आहे, नवरा-नवरीच्या फोटोंच्या मधोमध. गिऱ्हाइकं हसतात, "अहो, यात तर नुसती शेपटी आहे!" मी म्हणते, असू दे. मल्लिगी न अडखळता पुढे निघून गेली होती ना.