तिसऱ्या तळावरून दिसलेला पंखा

हिल्का रिन्तामाकीच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं आहे, पण ते पाहून तारीख कळेलच असं नाही. मे ते ऑगस्टच्या पानांवर पेसापाल्लोचे सामने लिहिलेले असतात आणि सप्टेंबर ते मार्चच्या पानांवर शाळेच्या हॉलमधल्या व्हॉलीबॉलचे. मधे जागा उरली तर तिथे स्कीच्या शर्यती असतात. एप्रिलचं पान कोरं राहतं. एप्रिलमध्ये ती घराच्या खिडक्या धुते आणि सगळ्यांवर चिडचिड करते.

आमच्या लेहतिपेरा गावात क्लब एकच आहे, 'इन्तो'. खेळ कुठला का असेना, अंगावर पिवळा सदरा असला की तो संघ हिल्काचा. डेअरीतली नोकरी संपून तिला दहा वर्षं झाली, पण घरच्या मैदानावरचा एकही सामना तिनं चव्वेचाळीस वर्षांत चुकवलेला नाही. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा संघ कोणत्या शनिवारी बाहेरगावी जाणार आहे हे तिनं आधी पाहिलं आणि मग पाद्रीबुवांना तारीख कळवली.

मैदानावर घराच्या तळामागे, म्हणजे जिथून फलंदाजी होते आणि जिथे परतलं की धाव मिळते त्या जागेमागे, पहिल्या रांगेत, डावीकडून तिसरी जागा तिची. चौथी माझी. मी गावच्या शाळेत अडतीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून गाव मला मास्तर म्हणतं, आणि हिल्काही तेच म्हणते, फक्त तिच्या तोंडी ते जरा शिवीसारखं वाटतं.

त्या जुलैत आमच्या मुलींचा संघ वरच्या गटातून खाली घसरायच्या बेतात होता. दोन सामने उरले होते, दोन्ही घरचे. त्यांतला एक जिंकला तरी पुरणार होतं. पहिल्या रविवारी पारा एकतीसवर गेला. आमच्याकडे एवढ्या उन्हाची सवय कुणालाच नाही, त्यामुळे बाकांवर माणसं लोणी वितळावं तशी बसली होती.

"मास्तर, ही टोपी आहे की तवा?" हिल्का म्हणाली, आणि पिशवीतून तिनं एक हातपंखा काढला.

आता या पंख्याविषयी सांगायला हवं. पेसापाल्लो हा बेसबॉलचा चुलतभाऊ, पण आमच्याकडे चेंडू समोरून फेकत नाहीत. चेंडू टाकणारी फलंदाजाच्या शेजारी, घराच्या तळापाशीच उभी राहते आणि तो सरळ वर उडवते. फलंदाजी करणाऱ्या संघाचा प्रशिक्षकही तिथेच जवळ असतो, आणि त्याच्या हातात असतो रंगीबेरंगी पट्ट्यांचा पंखा. कुठले रंग उघडले, पंखा वर धरला की खाली, यावरून तळातळावर उभ्या मुलींना कळतं की पळायचं आहे की थांबायचं आहे. हिल्काच्या हातात जो होता तो आमच्या आधीच्या प्रशिक्षकाचा. तो निवृत्त झाल्यावर व्हॉलीबॉलच्या शेवटच्या सामन्याला त्या पंख्याची सोडत काढली, आणि सगळ्यात जास्त तिकिटं हिल्कानंच घेतलेली असल्यामुळे पंखा तिला मिळाला याचं कुणाला नवल वाटलं नाही. ती तो कपाटात काचेच्या भांड्यांशेजारी ठेवते. त्या दिवशी उकाड्यानं तिला तो बाहेर काढायला लावला.

सामन्याचा शेवटचा डाव चालू होता. एक धाव झाली की बरोबरी होणार होती. आमच्या दोघी बाद झाल्या होत्या, तिसरी बाद झाली की खेळ खलास. तिसऱ्या तळावर पिह्ला उभी होती. एकोणीस वर्षांची, काकड्यांच्या काचघरात काम करणारी, आणि पळायला लागली की वेणी सरळ आडवी राहणारी मुलगी.

आमचा आत्ताचा प्रशिक्षक रौनो. त्यानं पंखा छातीशी मिटून धरला. म्हणजे थांब. फलंदाज मुलगी पहिला चेंडू सोडून देणार होती.

तेवढ्यात एक घोडमाशी हिल्काच्या मानेवर बसली.

हिल्कानं पंखा सटकन उघडला, डोक्यावर नेला, दोनदा फटकारला आणि खाली आणला. चेंडू वर उडाला. फलंदाजानं फळी हलवलीसुद्धा नाही. आणि पिह्ला जीव खाऊन घराकडे धावत सुटली. समोरच्या संघातल्या मुलीनं खाली येणारा चेंडू शांतपणे हातात घेतला, एक पाय तळावर ठेवला आणि पिह्ला येईपर्यंत वाट पाहिली. तिला कीवच आली असावी.

"अगं कुठे निघालीस?" रौनो ओरडला. "बस पकडायची होती का?"

"तुम्हीच खूण केलीत!"

"मी? मी पुतळ्यासारखा उभा होतो!"

"मी पाहिलं ना! पंखा वर गेला, उघडला—"

"डोळे आहेत का बटणं?" रौनो म्हणाला, आणि पुढच्या रविवारी तिसऱ्या तळाच्या आसपास तू मला दिसायची नाहीस, बाकावर बसायचं, असंही म्हणाला. सगळ्यांसमोर.

मी हिल्काकडे पाहिलं. पंखा तिच्या मांडीवर अर्धा उघडा पडला होता आणि ती त्याच्याकडे असं बघत होती, जणू तो आत्ता बोलायला लागेल.

सायकली हातात धरून आम्ही घरी चाललो. राईच्या शेताजवळ ती थांबली.

"ती माझ्याकडे बघत होती, मास्तर."

"हो."

"तू पाहिलंस?"

"नंतर लक्षात आलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

"शाळा संपली तरी तुझी ही खोड जात नाही," ती म्हणाली. मग सायकल पुढे ढकलत, "मी सांगितलं तर मला तिथे कोण बसू देईल? अख्खं गाव म्हणेल, हिनं संघ बुडवला. ती जागा गेली तर मी रविवारी करू काय? खिडक्या धुऊ?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण मी दिलं नाही. पोरांना मी नेहमी गणितापाशी थोडा वेळ एकटं सोडत असे. बरीचशी मुलं सोडवत. फक्त त्या वेळात दुसरं कुणी रडत बसलेलं नसे, हा फरक मला त्या दिवशी सुचला नाही. ती माझी चूक.

मंगळवारी दुकानात नव्या बटाट्यांच्या टोपलीपाशी पिह्ला भेटली. हिल्का माझ्या शेजारी शेपू निवडत होती.

"कशी आहेस गं?" मी विचारलं.

"डोळे तपासून आले, सर."

"डोळे?"

"शहरात, सेइनायोकीला गेले होते. अर्धा दिवस रजा काढली. डॉक्टर म्हणे, गरुडासारखे आहेत." ती हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "म्हणजे डोळ्यांत काही नाही, डोक्यातच बिघाड. मी नसलेल्या गोष्टी बघते. अशा माणसानं तिसऱ्या तळावर कशाला उभं राहायचं? मी रौनोला सांगणारे, पुढच्या वर्षी माझं नाव नको."

"अगं, एका चुकीनं—" मी म्हणालो.

"एक नाही ना सर. आता प्रत्येक वेळी वाटणार, हे खरंच दिसतंय की मला वाटतंय?"

ती गेली. हिल्काच्या मुठीत शेपूची पार चटणी झाली होती.

"सराव कधी असतो?" तिनं विचारलं. हे तिला माहीत नसणं शक्यच नव्हतं.

"उद्या सहाला."

"तू येणारेस. आणि बोलणार नाहीस. तसंही तुला ते छान जमतं."

बुधवारी सहा वाजता हिल्का मैदानाच्या दोरीपाशी उभी राहिली. दोरीच्या अलीकडे प्रेक्षक आणि पलीकडे खेळाडू. चव्वेचाळीस वर्षांत तिनं ती कधी ओलांडली नव्हती, चेंडू पायाशी आला तरी तो अलीकडूनच परत करायची. आता तिनं दोरी वर उचलली, वाकली, आणि कंबर धरून पलीकडे गेली. सराव आपोआप थांबला.

"काय झालं मावशी? कुणी गेलं का?" रौनोनं विचारलं.

"कुणी गेलेलं नाही. रौनो, त्या पोरीचे डोळे चांगले आहेत. खूण तिनं पाहिली. ती मी केली."

तिनं पिशवीतून पंखा काढला.

  रौनोचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग बिटासारखा लाल झाला.

"तू... मुद्दाम?"

"मुद्दाम कशी करीन रे मेल्या! घोडमाशी होती!"

"कुठे?"

"मानेवर!"

"दाखव. नेमकं काय केलंस ते करून दाखव. जा, तुझ्या जागेवर बस."

हिल्का पुन्हा दोरीखालून वाकून आपल्या बाकावर गेली. रौनोनं आपला पंखा एका मुलीच्या हाती देऊन तिला स्वतःच्या जागी उभं केलं, आणि तो स्वतः लांब तिसऱ्या तळाकडे चालायला लागला. पाइपांची कामं करणारा हा गडी चांगलाच आडवा आहे, त्याला तिथे पोचायला वेळ लागला. तळावर उभा राहून त्यानं घराकडे तोंड केलं, गुडघ्यांवर हात टेकले आणि डोळे बारीक केले.

"हं!"

चेंडू वर उडाला. हिल्कानं काल्पनिक माशीवर पंखा सटकन उघडला, डोक्यावर नेला, दोनदा फटकारला.

आणि रौनो पळाला.

विचार करून पळाला नाही. पंचवीस वर्षं तो स्वतः तिसऱ्या तळावरून धावलेला माणूस, पायांनीच निर्णय घेतला. दहाबारा ढांगा टाकल्यावर त्याच्या लक्षात आलं, तो थांबायला गेला, पोटानं ऐकलं नाही, आणि प्रशिक्षकसाहेब वाळूत पालथे झाले.

आधी कुणी हसायची हिंमत केली नाही. मग पिह्लाच हसली. मोठ्यानं, पोट धरून, रविवारपासूनचं सगळं एकदम बाहेर पडावं तशी.

"बस पकडायची होती का, रौनो?" ती ओरडली.

रौनो वाळू थुंकत उठला. कुणाकडे न बघता पिह्लापर्यंत आला.

"तिथून मी आणि मावशी एकामागे एक दिसतो," तो म्हणाला. "तिचा पंखा माझ्या हातात असल्यासारखा वाटतो. मीही फसलो. रविवारी तिसऱ्या तळावर तूच." अंगावरची वाळू झटकत त्यानं भर घातली, "आणि ते बटणांचं मी बोललो, ते चुकलं."

"मला येऊ देणार ना?" मागून हिल्काचा आवाज आला. इतका बारीक आवाज मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. "नाही म्हणालास तर मी समजून घेईन. घरी रेडिओ आहे."

रौनो वळला. "मावशी, तू नसताना हा संघ इथे कधी खेळलेला नाही. तो प्रयोग मी नेमक्या शेवटच्या सामन्याला करू?"

"मग मागच्या रांगेत बसते."

"तुझ्याच जागेवर बस. फक्त हात हलवू नकोस. काहीही झालं तरी."

"पंखा घरी ठेवते."

"पंखाच नाही. हात!"

रविवारी ऊन तसंच होतं. हिल्का आली, तिसऱ्या जागेवर बसली, आणि दोन्ही तळहात मांडीखाली घालून त्यांच्यावर बसून राहिली. वेलदोड्याचा पाव मी तिला भरवला. कॉफीही मीच पाजली. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, लग्न कधी?"

"याच्याशी?" हिल्का मागे न बघता म्हणाली. "हा 'हो' म्हणायलाच दोन वर्षं थांबेल."

सामना मागच्या रविवारसारखाच शेवटपर्यंत ताणला गेला. शेवटच्या डावात धावा समान होत्या, आमच्या दोघी बाद झाल्या होत्या, आणि पिह्ला तिसऱ्या तळावर होती. रौनोनं पंखा छातीशी मिटून धरला. थांब. पहिला चेंडू गेला. पिह्ला हलली नाही. दुसऱ्यालाही पंखा मिटलेलाच होता. पिह्ला तळावर खिळल्यासारखी उभी, पण तिची नजर आमच्याकडे होती, आणि तिला काय वाटत असेल ते मला इतक्या लांबूनही दिसत होतं. हे खरंच दिसतंय की मला वाटतंय?

हिल्का श्वाससुद्धा घेत नव्हती. तिच्या कपाळावरचा घाम नाकावरून ओघळत हनुवटीपर्यंत आला आणि ती डोळ्यांची पापणीही हलवायला तयार नव्हती.

रौनोनं पंखा उघडला. लाल, निळा, वर.

चेंडू उडाला, फळी फिरली, चेंडू पहिल्या तळाच्या बाजूनं जमिनीलगत सुसाट गेला. पण मी तो पाहिलाच नाही. मी वेणी पाहत होतो. ती सरळ आडवी होती.

पिह्लाचा पाय आधी पोचला. चेंडू नंतर.

सगळं मैदान उठून उभं राहिलं. मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या, रौनोनं पंखा आभाळात फेकला, कडेला सॉसेज भाजत बसलेला माणूस चिमटा हातात घेऊनच धावत आला. एकटी हिल्का बसून होती.

पिह्ला त्या गर्दीतून सुटून दोरीपाशी आली. चेहरा वाळूनं माखलेला.

"मावशी, झालं! आता तरी टाळ्या वाजव!"

"कशी वाजवू?" हिल्का म्हणाली. तिनं मांडीखालून हात काढले. ते लालबुंद झाले होते आणि त्यांवर बाकाच्या फळ्यांचे वळ उठले होते. "दोन तास दाबलेत गं. बोटं कुठायत तेच कळत नाही. पूर्ण बधिर."

पिह्लानं दोरीवरून हात घातले, हिल्काची दोन्ही मनगटं धरली, आणि तिच्या हातांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लागली.